दाव्याची गाठ

या मासिकात बी-बियाणे, खते, पाणी, कीड व बाजारभाव या विषयांवर जाणत्या लेखकांचे लेख नेहमी येतात, आणि ते यावेत हे योग्यच आहे. परंतु शेतकऱ्याच्या हाती दिवसातून पन्नास वेळा येणारी एक वस्तू अशी आहे की, तिच्याविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती वस्तू म्हणजे दोर. पहाटे जनावराचे दावे सोडण्यापासून रात्री ते पुन्हा खुंट्याला अडकवीपर्यंत शेतकऱ्याचा सारा दिवस दोराच्या संगतीत जातो. बैलाची वेसण, म्होरकी व कासरा, कडब्याची गाडी आवळण्याचा दोर, विहिरीवरची बादली, मोटार आत सोडण्याचा जाड दोर, झोळी, मोळी आणि पेंढी, यांतील एकही काम गाठीवाचून होत नाही. दोर दुकानात विकत मिळतो; गाठ मात्र ज्याची त्याने मारावयाची असते. आणि आमचे स्पष्ट मत असे आहे की, आम्हां शेतकऱ्यांपैकी शेकडा नव्वदांस गाठ मारता येत नाही. हे विधान कित्येकांस उद्धटपणाचे वाटेल. म्हणून ते करण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला, हे प्रथम सांगणे प्राप्त आहे.

आम्ही शेतकऱ्याच्या घरचे. परंतु उमेदीची वर्षे महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली. कारकुनाचा व गाठीचा संबंध काय, असे कोणी विचारील. दप्तरखान्यातील जुने कागद रुमालात बांधून ठेवलेले असतात, आणि रुमालाच्या गाठीवरून तो कोणी बांधला हे आम्ही सहज सांगू शकत होतो. जो कारकून सुरगाठ मारी, त्याचा रुमाल साहेबांनी मागताक्षणी उघडे. जो निरगाठ मारी, त्याच्या रुमालाशी आधी नखांनी, मग दातांनी झुंजावे लागे व अखेरीस कात्री आणावी लागे. तेथे नुकसान होई ते पाच मिनिटांचे, व फार तर एका फडक्याचे. तीच निरगाठ गोठ्यात काय करते, ते आम्ही पंचनामे लिहिताना पाहिले.

एका गावी ऐन उन्हाळ्यात भर दुपारी गोठ्यास आग लागली. गोठ्यात दोन बैल, एक गाभण म्हैस व एक कालवड अशी चार जनावरे होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तलाठ्यांसह पंचनाम्यास गेलो. मालकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेले होते. तो म्हणाला, "भाऊसाहेब, मी आत शिरलो तेव्हा छपराचा एकच कोपरा पेटला होता. पोरगाही माझ्यामागे शिरला. पण दावी सुटेनात. गाठीवर गाठ बसलेली, बोटे भाजली तरी हलेना. कोयता हाती येईस्तोवर छप्पर खाली आले." चारांपैकी कालवड तेवढी वाचली होती. ती कशी वाचली, असे आम्ही विचारले. तेव्हा कळले की, कालवडीचे दावे रोज त्याची म्हातारी आई बांधीत असे. तिच्या बोटांत जोर उरला नव्हता. म्हणून ती नेहमी एका ओढीने सुटेल अशीच गाठ मारी. आग लागताच तिनेच ते टोक ओढले व कालवड बाहेर पळाली.

पंचनाम्यात आम्ही "आगीत होरपळून मृत" असे लिहिले. ते खोटे नव्हते. परंतु सारे खरेही नव्हते. त्या तक्त्यात गाठीचा रकाना नव्हता, आणि असता तरी तो भरण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नसते. पुढे दाव्याचा फास बसून गुदमरलेले बैल पाहिले, ओढ्याच्या पुरात खुंट्यासकट बुडालेली वासरे पाहिली, आणि प्रत्येक वेळी कारण म्हणून आग, पाणी किंवा दैव यांचेच नाव लिहिले गेले. आता कागद आमच्या हातून गेला आहे. तेव्हा जे तक्त्यात लिहिता आले नाही, ते येथे लिहीत आहोत.

आपल्या भाषेत गाठीची दोन नावे फार अर्थपूर्ण आहेत. जी ओढताच सुटते ती सुरगाठ आणि जी सुटता सुटत नाही ती निरगाठ. लोकांची समजूत अशी की, निरगाठ बळकट व सुरगाठ कच्ची. ही समजूत साफ चुकीची आहे. गाठीचे बळ ती सुटण्यास किती कठीण आहे यावर नसून, ताण आला असता दोर दोरावर कसा दाबला जातो यावर आहे. नीट मारलेली सुरगाठ बैलाने दिवसभर ओढली तरी सुटत नाही, आणि माणसाने योग्य टोक ओढताच क्षणात मोकळी होते. उलट, घाईने एकावर एक चार निरगाठी मारल्या, तरी गुळगुळीत दोरात त्या सरकू शकतात. आणि भिजलेल्या अंबाडीच्या दोरात त्याच अशा घट्ट बसतात की धन्यासही सुटत नाहीत. अर्थात नको तेव्हा सुटावी व हवी तेव्हा सुटू नये, असे दोन्ही दोष एकाच गाठीत येतात. उत्तम गाठ ती की जी बांधली असता धरते व सोडली असता सुटते. आमचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे.

हा प्रश्न आजच अधिक निकडीचा का झाला, याचेही कारण आहे. दोर बदलला, पण हाताची सवय बदलली नाही. बलुतेदारीच्या काळी गावचा दोर मुख्यत्वे मातंग समाजातील कारागीर अंबाडी, ताग व घायपात यांच्या वाखाचा वळीत. ज्यांच्या कसबावर गावची मोट व औत चालले, त्यांस मान व मोबदला दोन्ही तुटपुंजे मिळाले. तेव्हा ती पद्धत मोडली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु तिच्याबरोबर कोणत्या कामास कोणता दोर व कोणती गाठ, हे सांगणारा माणूसही गावातून गेला. वाखाचा दोर खरबरीत असतो, त्यात वेडीवाकडी गाठही बऱ्यापैकी धरते. पुढे नायलॉन आले. ते प्रथम १९३५ साली अमेरिकेत तयार झाले, आणि त्याच्या पाठोपाठ तत्सम इतर धागे निघाले. हे दोर कुजत नाहीत, वजनास हलके व ताकदीस जास्त; परंतु अंगाने गुळगुळीत. वाखाच्या दोरावर शिकलेली गाठ यांवर मारली की ती ताण नसता आपोआप सैल होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाजारात ज्यास सरसकट नायलॉनचा दोर म्हणतात, तो बहुधा नायलॉनचा नसतोच. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीन या स्वस्त द्रव्यांचा असतो. याची परीक्षा सोपी आहे. दोराचा बोटभर तुकडा बादलीत बुडवून, आतील हवा निघेपर्यंत चोळावा व सोडून द्यावा. तरंगला तर तो नायलॉनचा नव्हे. बुडाला तर नायलॉनचा वा पॉलिएस्टरचा असण्याचा संभव. तरंगणारा दोर वाईट असे नव्हे. होडीस व जाळ्यास तो सोयीचाच. परंतु पॉलिप्रॉपिलीनचा दोर उन्हाने लवकर झिजतो. त्याच्या अंगावर कुसळे उभी राहिली व हात फिरवताच भुकटी येऊ लागली म्हणजे तो जड कामातून काढून टाकावा. शिवाय हे सारे दोर आगीत वितळतात व वितळलेली गाठ एकजीव होते. "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही" ही म्हण आमच्या वाडवडिलांनी काथ्याच्या दोरावरून केली. आजच्या दोराचा पीळही जातो व गाठही उकलण्यापलीकडे जाते.

आता प्रत्यक्ष गाठींकडे वळू. १९४४ साली क्लिफर्ड अ‍ॅश्ले या अमेरिकन गृहस्थाने गाठींचा एक कोश प्रसिद्ध केला. त्यात ३,८०० हून अधिक क्रमांकित नोंदी आहेत. शेतकऱ्यास एवढ्यांची गरज नाही. आमच्या मते पाच पुरेत. परंतु त्या अंधारातही मारता आल्या पाहिजेत. वाचकांनी पुढील मजकूर हाती वावभर दोरी घेऊनच वाचावा. नुसत्या वाचण्याने गाठ येत नाही.

पहिली, खुंट्याची सुरगाठ. दाव्याचा खुंट्यास एक पूर्ण वेढा द्यावा. मग मोकळ्या दोराची एक कडी करून ती जनावराकडे जाणाऱ्या दोरावर ठेवावी. मोकळ्या दोराचा उरलेला भाग त्या ताणाच्या दोराखालून न्यावा, तेथे तो दुमडावा, आणि ती दुमड कडीतून वर ओढून गाठ खुंट्याशी सरकवून घट्ट करावी. टोक सारे ओढून घेऊ नये. दुमडच राहू द्यावी. यातच सुरगाठीचे मर्म आहे. मोकळे टोक ओढले की सारी गाठ उकलते. हे टोक जनावराच्या तोंडाच्या आवाक्याबाहेर असावे. बैल खोडकर असल्यास ते टोक दुमडीतून एकवार आत ओवावे, म्हणजे त्याने कितीही चघळले तरी गाठ सुटत नाही. माणसास मात्र टोक बाहेर काढून ओढण्यास दोन पळे पुरतात.

दुसरी, गळ्याचा अचल फास. जनावराच्या गळ्यात सरकता फास कधीही घालू नये, हा नियम आम्ही गोठ्याच्या दारावर लिहून ठेवावा म्हणतो. बैल घसरला, किंवा रात्री दावे पायात अडकले, की सरकता फास आवळत जातो, आणि सकाळी धनी येतो तेव्हा सारे आटोपलेले असते. फास लागून मेलेल्या बैलास नैसर्गिक आपत्तीचे साहाय्य मिळत नाही, हेही शेतकरी बंधूंनी ध्यानी घ्यावे. गळ्यासाठी न सरकणारा फास असा करावा: टोकापासून दीड-दोन हातांवर दोराची एक लहान कडी करावी, तिच्यात टोकाकडील दोर वर व मूळ दोर खाली असावा. टोक गळ्याभोवती फिरवून त्या कडीतून खालून वर काढावे, मूळ दोराच्या मागून वळवावे व पुन्हा त्याच कडीतून खाली घालून आवळावे. मुलांस शिकवताना आम्ही सांगतो: कडी ही विहीर, मूळ दोर हे काठावरचे झाड, विहिरीतून वर यावे, झाडामागून वळावे आणि पुन्हा विहिरीत उतरावे. फासात चार बोटे सहज शिरतील इतकी ढील ठेवावी. गुळगुळीत दोर असेल तर उरलेल्या टोकाने फासाच्या दोराभोवती एक साधी गाठ अधिक मारावी. शेपूट आखूड ठेवू नये. दोराच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी असावे. हाच फास विहिरीत उतरणाऱ्या माणसाच्याही कामाचा आहे. परंतु नुसत्या कमरेस दोर बांधून कोणास लोंबकळत ठेवू नये, त्याने श्वास कोंडतो. मांड्यांखाली बैठक यावी व छातीशी आधार राहावा, अशीच तजवीज करावी.

तिसरी, दोन दोर जोडण्याची गाठ. बहुतेक लोक दोन दोर जोडण्यास रुमालाची चौकोनी गाठ मारतात. पोते किंवा बोचके बांधण्यास ती उत्तम. उजवे टोक डाव्यावर व मग डावे उजव्यावर घातले की झाली. परंतु ज्यावर भार लोंबकळावयाचा त्या दोराच्या जोडास ती वापरणे धोक्याचे आहे, असा इशारा उपरोक्त अ‍ॅश्ले यांनीही दिला आहे. एका बाजूने झटका बसला की ती उलटते व सरकते. आमच्या शेजारच्या एका बागाईतदाराची पाणबुडी मोटार अशाच जोडामुळे कूपनलिकेत गेली. मोटार गेली ती गेलीच, शिवाय नलिकाही अडली. जोड द्यावयाचाच तर असा द्यावा: जाड दोराचे टोक दुमडून धरावे, बारीक दोर त्या दुमडीतून खालून वर काढावा, दुमडीच्या दोन्ही पदरांच्या मागून वेढावा व स्वतःच्याच अंगाखाली अडकवावा. गुळगुळीत दोर असल्यास मागून दोन वेढे द्यावेत. कायमचा जोड हवा असेल तर मात्र गाठच नको. दोन्ही टोकांचे तीन-तीन पेड उकलून एकमेकांत गुंफावेत. वाखाच्या दोरात प्रत्येक पेड निदान तीनदा व गुळगुळीत दोरात पाचदा आत घालावा. कारण कोणतीही गाठ दोराची ताकद कमी करते. साधारण तिसरा हिस्सा, आणि काही गाठींत तर जवळजवळ निम्मी. नीट गुंफलेल्या जोडात ही घट फार थोडी असते. दोराचा भार ठरवताना हा हिशेब अवश्य धरावा.

चौथी खरे म्हणजे गाठ नव्हे, तो वेढा आहे. जड वस्तू विहिरीत सोडताना चार माणसे दोर हातात धरून मागे रेलतात, तळहात सोलून घेतात व कधी कधी ओढली जातात. त्याऐवजी दोर बळकट झाडास किंवा मुळापासून पक्क्या रोवलेल्या खांबास गुंडाळावा. दोर व लाकूड यांच्या घर्षणाने एका पूर्ण वेढ्यात धरणाऱ्याचे बळ साधारण पाचपट होते आणि दोन वेढ्यांत वीस-पंचवीसपट. म्हणजे पाच मणांचे ओझे एक माणूस बेताबेताने खाली सोडू शकतो. मात्र दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नये; वेढा झाडास द्यावा, मनगटास नव्हे. बोटे गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. ओझे तळाशी पोचल्यावर किंवा मधेच थांबवावयाचे असल्यास त्याच वेढ्यापुढे ताणाच्या दोराभोवती दोन अर्ध्या गाठी माराव्यात, काम झाले.

पाचवी, गाडी आवळण्याची गाठ. कडब्याची किंवा गवताची गाडी भरली की दोर एका बाजूस बांधून वरून पलीकडे टाकावा. पलीकडच्या बाजूस दोराच्या मध्यावर एक दुमड काढून तिची न सरकणारी कडी करावी. दोराचे टोक खालच्या आडव्यास अडकवून वर आणावे, कडीतून ओवावे व खाली ओढावे. कडी येथे कप्पीचे काम करते. हिशेबाने ओढ तिप्पट व्हावी. परंतु दोर दोरावर घासत असल्याने प्रत्यक्षात तितकी होत नाही. तरी एका माणसाच्या हाताने भारा असा आवळतो की वाटेत एक पेंढी गळत नाही. शेवट पुन्हा सुरगाठीने करावा, म्हणजे खळ्यावर पोचल्यावर गाडी मोकळी करण्यास विळा शोधावा लागत नाही.

या विद्येचे खरे पंडित शेतकरी नसून दर्यावर्दी होत. नोकरीतील काही वर्षे आम्ही कोकणात खाडीकाठी काढली, तेव्हा एका वृद्ध तांडेलाजवळ बसून आम्ही जे शिकलो ते दप्तरखान्यात शिकलो नसतो. तो म्हणे, होडी बांधताना ती सोडण्याची वेळ आधी डोळ्यांपुढे आणावी. वादळात दोर कापावा लागला तर बांधणारा अडाणी समजावा. वर सांगितलेली जोडगाठ हीच कोळी बांधवांच्या जाळ्याची गाठ आहे, आणि मागावर तुटलेले सूत सांधणारा विणकरही तीच मारतो. मनुष्यजातीचे हे ज्ञान फार जुने आहे. १९१३ साली तेव्हाच्या फिनलंडमध्ये व आताच्या रशियात मोडणाऱ्या एका गावी जमिनीखाली मासे धरण्याचे जाळे सापडले, ते सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीचे ठरले. तितक्या जुन्या कसबास क्षुद्र म्हणण्याचा अधिकार आपल्यास नाही.

आता घाटावरही शेततळी झाली व त्यांत मासे सोडले जातात. म्हणून मासेमारीच्या दोन गोष्टी येथे सांगतो. जाळ्याचे एक घर फाटले असता ते तसेच आवळून टाकू नये. त्याने शेजारची घरे ताणली जाऊन तीही फाटतात. फाटलेले सूत कापून, त्याच जोडगाठीने नवे घर शेजारच्या घरांच्या मापाचे विणावे. दुसरी गोष्ट गळाची. गळाच्या नेढ्यातून तंगूस ओवून त्याचे टोक मूळ तंगुसाभोवती पाच वेढे द्यावे, मग नेढ्यालगतच्या पहिल्या फटीतून ते ओवून आवळावे. आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करण्यास विसरू नये. कोरडे तंगूस आवळताना घर्षणाने तापते व तेथेच कमजोर होते. मोठा मासा लागला की नेमके तेथे तुटते आणि मग आपण नशिबास बोल लावतो.

आमच्या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचाही विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, सुरगाठीने बांधलेले जनावर चोरास सोपे जाते. यास आमचे उत्तर असे की, चोर येतो तो कोयता घेऊनच येतो. आग लागते तेव्हा मात्र धन्याजवळ कोयता नसतो. निरगाठीने चोर थांबत नाही, फक्त धनी थांबतो. दुसरा आक्षेप, जनावर सुटून उभ्या पिकात शिरेल. टोक दुमडीत ओवून ठेवले असता ते सुटत नाही, हे वर सांगितलेच आहे; आणि ज्यास संशय असेल त्याने आपल्या सर्वांत खोडकर खोंडावर आठ दिवस प्रयोग करून पाहावा. तिसरा आक्षेप, गोठ्यात साखळी असली म्हणजे झाले. साखळीस आकडी चांगली असेल तर आमची हरकत नाही. परंतु पुष्कळ ठिकाणी साखळीचे टोक खुंट्यास पुन्हा दोरीनेच बांधलेले असते, आणि मग लोखंडाच्या दहा कड्यांचे शहाणपण त्या एका निरगाठीत वाया जाते. गोठ्यात कोयता टांगून ठेवावा हे म्हणणे मात्र आम्हांस मान्य आहे. तोही असावा. परंतु धुरात डोळे उघडत नाहीत तेव्हा भिंतीवरचा कोयता दिसत नाही. हाताशी असलेले टोक मात्र चाचपून सापडते.

पुराचेही असेच आहे. २००५ च्या जुलैत कोकणात आणि २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे कृष्णा-पंचगंगेस जे महापूर आले, ते वाचकांच्या स्मरणात असतीलच. पाणी अशा वेळी दिवसा विचारून येत नाही. गुडघाभर पाण्यात, अंधारात, बुजलेल्या जनावरापुढे वाकून भिजलेली गाठ सोडणे किती कठीण, हे ज्याने केले त्यासच ठाऊक. वाखाचा दोर भिजून फुगला म्हणजे निरगाठ दगडासारखी होते. ज्यांची गावे नदीकाठी आहेत त्यांनी तरी पावसाळ्याचे चार महिने गोठ्यात एकही निरगाठ ठेवू नये. यास सरकारी मंजुरी लागत नाही, कर्ज लागत नाही, व एक पैसाही खर्च नाही.

आता सूचना. पोळ्यास किंवा बेंदरास आपण नव्या वेसणी, नव्या म्होरक्या व नवी दावी घेतो. त्याच दिवशी जुने सर्व दोर उन्हात पसरून हाताने तपासावेत. पेड तुटलेला, कुसळे आलेला, जळक्या वासाचा दोर वेगळा काढावा व तो पुन्हा जड कामास कोणी वापरणार नाही अशा बेताने त्याचे तुकडे करावेत. मग घरातील मुलामुलींस, गड्यास व सालदारास गोठ्यात बोलावून खुंट्याची सुरगाठ व गळ्याचा अचल फास या दोन गाठी तरी शिकवाव्यात. डोळे मिटून मारता व सोडता येईपर्यंत त्या शिकवाव्यात. घरातील बायकांस वगळू नये. घरचे पुरुष रानात असता गोठ्यापाशी पहिल्याने पोचते ती बहुधा घरची बाईच. सर्व जनावरांच्या गाठी एकाच रीतीच्या असाव्यात, म्हणजे कोणीही बांधली तरी कोणासही सोडता येते. आमच्या संघाच्या चालकांसही विनंती की, वार्षिक सभेत बियाण्यांच्या प्रदर्शनाशेजारी दोराचा एक खुंटा रोवावा व एखाद्या दोर वळणाऱ्या वृद्ध कारागिरास मानधन देऊन तेथे बसवावे. जे त्याच्याजवळ आहे ते त्याच्यामागे आम्हांस कोणत्याही दुकानात मिळणार नाही.

एवढ्याशा गोष्टीस इतके पाल्हाळ कशास, असे कोणी म्हणेल. चऱ्हाट वळण्याचा आरोप आम्ही आनंदाने पत्करतो. विषयच तसा आहे. त्या गोठ्याच्या राखेत उभा असलेला मालक आम्हांस अद्याप दिसतो. त्याने जनावरांस कधी उपाशी ठेवले नव्हते, त्यांच्या दवापाण्यात कधी हयगय केली नव्हती. त्याला फक्त कोणी गाठ शिकवली नव्हती. आज रात्री वाचकांनी हे मासिक बाजूस ठेवून कंदील किंवा विजेरी घ्यावी, गोठ्यात जावे, आणि आपल्या प्रत्येक जनावराचे दावे एका हाताने सुटते की नाही ते स्वतः पाहावे. जेथे सुटले नाही तेथे निजण्यापूर्वी गाठ बदलावी. या लेखाचे आणखी काही प्रयोजन नाही.